कर्जदार आईची मुलगी नर्स होते तेव्हा: ग्लासगो–ढाका भागीदारीचे एक प्रकरण

हे प्रकरण मी दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहीत आहे: सामाजिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी आणि बचत गटांच्या संघात काम करणारे कार्यकर्ते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने बांगलादेशातल्या ‘ग्रामीण’ या सामाजिक व्यवसायांच्या (स्वतःच्या कमाईवर चालणाऱ्या, पण नफा न वाटणाऱ्या संस्थांच्या) समूहाबरोबर मिळून २०१० मध्ये ढाक्यात ‘ग्रामीण कॅलेडोनियन कॉलेज ऑफ नर्सिंग’ हे कॉलेज उभे केले. गरीब घरातल्या मुलींना पगाराचे काम मिळावे आणि देशाला शिकलेल्या नर्स मिळाव्यात, असे दोन हेतू एकाच संस्थेत बांधले होते. संस्थांची नावे सार्वजनिक आहेत, म्हणून दिली आहेत. विद्यार्थिनी, शिक्षिका आणि अधिकारी यांची नावे किंवा ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

सुरुवात एका विद्यापीठाच्या कुंपणापासूनच होते. १९७४ च्या दुष्काळानंतर चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मुहम्मद युनूस शेजारच्या जोबरा गावात जाऊ लागले. बांबूचे मोडे (बसायची स्टुले) विणणाऱ्या बायका सावकाराकडून पैसे घेत आणि तयार माल त्याच्याच भावाने त्यालाच विकत. १९७६ मध्ये अशा ४२ जणांची एकूण नड भरली ८५६ टाका (टाका हे तिथले चलन), म्हणजे तेव्हाचे सुमारे २७ डॉलर. युनूस यांनी ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. विद्यापीठाच्या ग्रामीण अर्थशास्त्राच्या उपक्रमातून वाढत वाढत १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली. २०१० पर्यंत तिचे ८० लाखांहून अधिक कर्जदार होते आणि त्यांतल्या सुमारे ९७ टक्के बायका होत्या.

आपल्याकडच्या बचत गटाशी ही रचना बरीच जुळते, पण एक फरक लक्षात ठेवावा. आपला गट आधी आपसात बचत करतो, त्यातूनच कर्ज देतो आणि पुढे बँकेशी जोडला जातो. तिथे पाच जणींचा गट करायचा, सहा-आठ गटांचे एक केंद्र आणि दर आठवड्याला केंद्राची बैठक. कर्ज बँक थेट एकेका बाईला देते, तारण घेत नाही. या आठवडी बैठकीमुळे बँकेला गावोगावची घरे माहीत झाली होती. कोणाची मुलगी किती शिकली, कोणाचे शिक्षण कशामुळे थांबले, हे बँकेच्या माणसाला ठाऊक असे. पुढे कॉलेजसाठी मुली शोधताना हीच ओळख सगळ्यात मोठे भांडवल ठरली.

बँकेला एक गोष्ट लवकर कळली होती. हप्ते बिनचूक भरणारे घर बसते ते बहुतेक वेळा आजारपणामुळे. बांगलादेशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला साठ टक्क्यांहून अधिक भाग माणसे थेट आपल्या खिशातून करतात. एक अवघडलेले बाळंतपण किंवा घरच्या कर्त्याचा क्षय पुरतो. गाय विकली जाते आणि कर्जावर कर्ज चढते. म्हणून १९९६ मध्ये ग्रामीण कल्याण ही आरोग्याची संस्था निघाली आणि तिने खेड्यांत दवाखाने सुरू केले. दवाखाने निघाले, पण तिथे कामाला शिकलेल्या नर्स मिळेनात.

दुसरी बाजू ग्लासगोची. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठ १९९३ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाले. नर्सिंग आणि आरोग्यशिक्षण हा त्याचा कणा. हे शहर श्रीमंत देशातले असले तरी त्याच्या पोटात मोठी दरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्याच्या सामाजिक घटकांवरील आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला. त्यात ग्लासगोच्या कॅल्टन या गरीब वस्तीतल्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५४ वर्षे आणि तिथून काही मैलांवरच्या लेन्झी या सुखवस्तू भागात ८२ वर्षे दिले होते. एका शहराच्या परिसरात २८ वर्षांचा फरक! भारतीय पुरुषाचे तेव्हाचे सरासरी आयुर्मानही कॅल्टनपेक्षा जास्त होते. त्यामुळे या विद्यापीठासाठी गरिबी आणि आजार यांचे नाते हा दारातलाच प्रश्न होता. या भागीदारीतली देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली, त्याचे मूळ मला इथे दिसते.

अडचण नेमकी कोणती होती

कागदावरची अडचण आकड्यांत मांडता येते. २००७ च्या सुमारास बांगलादेशात दर दहा हजार लोकांमागे डॉक्टर सुमारे पाच आणि नर्स सुमारे दोन होत्या. एका डॉक्टरमागे तीन नर्स असाव्यात असा सर्वमान्य ठोकताळा आहे. इथे प्रमाणच उलटे होते. २०१० च्या राष्ट्रीय पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे १९४ मातामृत्यू नोंदले गेले. २००१ मध्ये ते ३२२ होते, म्हणजे घट मोठी होती. तरीही चारांतली तीन बाळंतपणे घरीच होत होती.

पण नर्स कमी आहेत एवढेच म्हणून थांबलो तर अडचण अर्धीच कळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात असे दिसले, की तिथल्या सरकारी रुग्णालयांतल्या नर्सच्या वेळेपैकी जेमतेम पाच टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णाजवळ जात होता. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे ही कामे नातेवाईक आणि आया करीत. नर्स टेबलाशी बसून नोंदी ठेवी. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी, मलमूत्र उचलणारी, रात्री घराबाहेर राहणारी बाई तिथल्या समाजात हलकी मानली जात होती. लग्नाच्या बाजारात तिची किंमत घसरे. रुग्णापासून दूर राहून ती आपली इज्जत राखत होती.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विधवा आणि निराधार बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा सनातनी मंडळींचा आक्षेप याच जातीचा होता. आज आपण वॉर्डात सहज ‘सिस्टर’ अशी हाक मारतो, त्यामागे त्या बायकांनी सोसलेली बोलणी आहेत.

तेव्हा नर्सची संख्या वाढवायची, आणि नर्स असणे म्हणजे काय ही समजूतही बदलायची, असे दुहेरी काम होते. इमारत आणि अनुदान पहिल्यासाठी पुरते. दुसऱ्यासाठी शिकवण्याची पद्धत, घरच्यांचा विश्वास आणि मान असलेली नोकरी, तिन्ही एकदम लागतात.

समोरचे पर्याय

अशा वेळी कोणत्याही विद्यापीठापुढे जे रस्ते असतात ते इथेही होते.

पहिला रस्ता शिष्यवृत्तीचा: दरवर्षी काही मुली निवडून ग्लासगोला न्यायच्या. विद्यापीठाला हे सर्वांत सोपे पडते, छायाचित्रेही चांगली येतात. पण त्या खर्चात ढाक्यात कितीतरी जास्त मुली शिकतात, आणि ब्रिटनमध्ये शिकलेली नर्स ब्रिटनमध्येच राहण्याची शक्यता मोठी. योगायोग असा, की २०१० च्याच मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीबद्दलची आचारसंहिता मंजूर केली. गरीब देशांची माणसे ओढून नेऊ नका, हा तिचा गाभा. ज्या देशाकडे आधीच नर्स नाहीत, तिथून आणखी नेण्याला दारिद्र्यनिवारण म्हणता येत नाही.

दुसरा रस्ता सरकारी नर्सिंग संस्थांना मदत करण्याचा: शिक्षकांचे प्रशिक्षण, पुस्तके, प्रयोगशाळा. पोहोच सर्वांत मोठी ह्याचीच, आणि माझ्या मते हा रस्ता कोणीही हलका लेखू नये. अडचण गतीची आणि अधिकाराची आहे. प्रवेश, बदल्या, नेमणुका यांतले काहीच बाहेरच्या विद्यापीठाच्या हातात नसते.

तिसरा, देणग्यांवर चालणारे मोफत कॉलेज. देणगीदार असेपर्यंत ते चालते. चौथा, भरपूर फी घेणारे खासगी कॉलेज. ते टिकते, पण ज्यांच्यासाठी सुरू करायचे त्याच मुली फाटकाबाहेर राहतात.

पाचवा रस्ता सामाजिक व्यवसायाचा. युनूस यांच्या मांडणीत याचा नियम कडक आहे: गुंतवणूकदाराला घातलेले मुद्दल परत मिळू शकते, त्यावर एक पैसाही लाभांश नाही. नफा झाला तर तो त्याच कामात राहतो. आणि संस्थेने आपला खर्च आपल्या कमाईतून भागवायचा. ग्रामीण समूहाने हे आधी करून पाहिले होते. फ्रान्सच्या दानोन कंपनीबरोबर बोगरा इथे कुपोषित मुलांसाठी पोषक दह्याचा कारखाना त्यांनी काढला होता. दह्याची वाटी विकली की पैसे त्याच दिवशी येतात. नर्स घडवायला मात्र तीन वर्षे लागतात, आणि जिने फी द्यायची तिच्याकडे आज काहीच नसते. मग कमाई कुठून यायची?

निर्णय आणि कृती

उत्तर कर्जातून काढले गेले. ग्रामीण बँक १९९७ पासून कर्जदारांच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी कर्ज देत होती: शिक्षण चालू असताना व्याज नाही, नंतर ५ टक्के. व्यवसायासाठीच्या कर्जावर बँक २० टक्के व्याज घेई, त्या मानाने हा दर पुष्कळ कमी होता. मुलीने हे कर्ज घ्यायचे, त्यातून कॉलेजची फी आणि वसतिगृह भागवायचे आणि नोकरी लागल्यावर फेडायचे. शिक्षण संपल्यावर नोकरी मिळेल ही हमी मांडणीतच होती, कारण ग्रामीणच्या आरोग्यसंस्थांना आणि ढाक्यातल्या रुग्णालयांना नर्स हव्याच होत्या. सुरुवातीच्या उभारणीला नायकी फाउंडेशनचे साहाय्य मिळाले. ते मुलींच्या शिक्षणावर काम करीत होते.

या सगळ्यात माझ्या मते निर्णायक गोष्ट नोकरीची हमी. ती काढून टाका आणि पाहा: गरीब घरातल्या मुलीच्या डोक्यावर कर्ज उरते, बाकी काही नाही. शिक्षणकर्जाच्या किती योजना नेमक्या इथेच मोडतात! हमी असली की घरचा हिशेबही बदलतो. आईने बँकेचे हप्ते आयुष्यभर भरलेले असतात. कर्ज म्हणजे काय हे तिला शिकवावे लागत नाही. मुलीच्या हातात पगार येणार हे तिला दिसले, तर लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांपुढे ती उभी राहू शकते.

मुली कोणाच्या घ्यायच्या, हा पुढचा निर्णय. पहिल्या तुकड्यांसाठी ग्रामीण बँकेच्या कर्जदारांच्या मुली निवडल्या गेल्या. २०१० च्या मार्चमध्ये सुमारे चाळीस मुलींची पहिली तुकडी बसली. यातला फायदा उघड आहे: मुली खरोखर गरीब घरांतल्या, कुटुंबाचा बँकेशी जुना संबंध, आणि ढाक्यासारख्या शहरात मुलीला एकटी पाठवताना ‘बँकेचेच कॉलेज आहे’ हा आधार. तोटा तेवढा उघड दिसत नाही, तरी तो आहे. सगळ्यांत गरीब बाई पुष्कळदा कर्जगटात येतच नाही. तिला हप्त्याची भीती असते, किंवा गटातल्या इतर जणी तिला घ्यायला कचरतात. भूमिहीन मजुराची हुशार मुलगी, जिची आई कोणत्याच गटात नाही, ती या निकषामुळे बाहेर राहते.

अभ्यासक्रम कोणाचा, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. ग्लासगोची पदवी जशीच्या तशी आणली असती, तर मुलींना बांगलादेशात नोंदणी मिळाली नसती. म्हणून तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तीन वर्षांची नर्सिंग आणि प्रसूतिशास्त्राची पदविका हाच सांगाडा ठेवला आणि शिकवण्याची रीत बदलली. घोकंपट्टीच्या जागी कौशल्यांची प्रयोगशाळा: पुतळ्यावर सराव, मग वॉर्ड, मग पुन्हा चर्चा. रुग्णाजवळ जाणे हे नर्सचे खरे काम, हे पहिल्या वर्षापासून अंगी बाणवायचे. विद्यापीठाचा खरा वाटा हाच होता आणि तो दुसऱ्या कोणाला देता आला नसता. परवान्याचा नियम मोडायचा नाही, पण परवान्यासाठी जेवढे लागते तेवढ्यावर थांबायचेही नाही. परदेशी विद्यापीठांचे कितीतरी उपक्रम मान्यतेच्या वादात अडकून पडतात. हा निर्णय मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो.

कॉलेज ढाक्यात, मीरपूर भागात, ग्रामीणच्याच आवारात सुरू झाले. खेड्यात काढले असते तर मुली गावाजवळ राहिल्या असत्या. पण प्रात्यक्षिकासाठी मोठी रुग्णालये आणि शिकवायला तज्ज्ञ ढाक्यातच. सुरुवातीला ही सोय आवश्यक होती. तिची किंमत पुढे येणारच होती: तीन वर्षे राजधानीत राहिलेली मुलगी परत उपजिल्ह्याच्या दवाखान्यात जाईल का?

नेतृत्व सुरुवातीला ग्लासगोहून आले. विद्यापीठात नर्सिंगचे शिक्षण चालवण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने पहिले प्राचार्यपद घेतले आणि त्या ढाक्यात राहून काम करू लागल्या. अधूनमधून येऊन सल्ला देणारी पाहुणी आणि तिथेच राहणारी प्राचार्य यांत फार अंतर असते. वसतिगृहातली तक्रार, रुग्णालयाच्या मेट्रनशी वाद, कौन्सिलच्या कार्यालयातले खेटे, हे सगळे राहणाऱ्या माणसालाच कळते. बांगलादेशी शिक्षिका त्यांच्याबरोबर घडत गेल्या. परदेशी स्वयंसेवक येऊन शिकवून जात.

भाषेचा प्रश्न सर्वांत जास्त त्रासाचा. मुली बंगाली माध्यमातल्या, नर्सिंगची पाठ्यपुस्तके इंग्रजी, आणि परदेशी शिक्षकांना बंगाली येत नाही. इंग्रजीवर भर देणे भाग होते, आणि मुलींचा आत्मविश्वास त्यातून वाढलाही. पण रुग्ण बंगालीच बोलतो. चितगावची म्हातारी आपल्या बोलीत पोटातल्या कळेचे वर्णन करते, ते समजून घेऊन तिला धीर देणारे शब्द पाठ्यपुस्तकात नसतात. खेड्यातून आलेल्या मुलीकडे ते शब्द आधीच असतात. गरीब घरातली मुलगी नर्स म्हणून निवडणे हे तिच्यावरचे उपकार नाहीत, रुग्णाच्या दृष्टीने ती अधिक चांगली नर्स असण्याचे हे एक सबळ कारण आहे. अभ्यासक्रमाने ही ताकद मोजली पाहिजे.

२०११ चा धक्का

कॉलेज सुरू होऊन वर्ष होते न होते तोच, मार्च २०११ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेने वयाच्या नियमावर बोट ठेवून युनूस यांना ग्रामीण बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केले. न्यायालयात दाद लागली नाही आणि मे महिन्यात त्यांनी पद सोडले. ज्या बँकेच्या कर्जावर मुलींची फी उभी होती, तिच्या माथ्यावरच वाद पेटला.

भागीदार विद्यापीठापुढे इथे खरा कसोटीचा क्षण होता. मागे सरणे सोपे होते. परदेशातल्या राजकीय वादात नाव नको, असे कोणीही म्हणू शकले असते. विद्यापीठ मागे सरले नाही. २०१२ मध्ये त्याने युनूस यांना आपले मानद कुलपती नेमले आणि २०१८ पर्यंत ते त्या पदावर होते. ही निष्ठा मला आदराची वाटते. त्याचबरोबर तिच्यामुळे संस्थेचे भवितव्य एका व्यक्तीच्या नशिबाला आणखी घट्ट बांधले गेले, हेही खरे. त्या व्यक्तीचे नशीब कसे फिरते ते जगाने पाहिले: जानेवारी २०२४ मध्ये कामगार कायद्याच्या खटल्यात शिक्षा, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशाच्या अंतरिम सरकारचे प्रमुखपद. कॉलेज टिकले ते फी, कर्ज, मान्यता आणि शिक्षक ही चार चाके रोजच्या रोज फिरत राहिली म्हणून. भागीदारीचा करार माणसाशी न करता संस्थेशी करावा, हा नियम पुस्तकातला वाटतो. त्याचे मोल असल्या वर्षात कळते.

निष्पत्ती

पहिली तुकडी २०१३ च्या सुमारास पदविका घेऊन बाहेर पडली. कौन्सिलची परीक्षा देऊन मुली रुग्णालयांत रुजू झाल्या. पुढे कॉलेजने नर्सिंगची पदवी आणि प्रसूतिशास्त्राची स्वतंत्र पदविका सुरू केली. सामाजिक व्यवसायाच्या रीतीने नर्सिंगचे शिक्षण चालवता येते, हा अनुभव नर्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडला गेला.

भोवतालही बदलत होता. सरकारने २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर ३,००० प्रशिक्षित सुईणी तयार करण्याचे वचन दिले. २०११ मध्ये सरकारी सीनियर स्टाफ नर्सचे पद तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत गेले. २०१६ मध्ये सुमारे दहा हजार नर्सची एकदम भरती झाली. या बदलांचे श्रेय एका कॉलेजला देणे चुकीचे होईल. पण पदाची श्रेणी वाढणे आणि रुग्णाजवळ आत्मविश्वासाने उभी राहणारी नर्स दिसणे, या दोन गोष्टी एकमेकींना बळ देतात. ‘नर्स’ म्हटल्यावर तोंड फिरवणारा काका जेव्हा पुतणीच्या पगारातून स्वतःच्या डोळ्याचे ऑपरेशन करून घेतो, तेव्हा कोणत्याही जनजागृती मोहिमेला जमत नाही ते घडते.

ग्लासगोनेही घेतले, नुसते दिले नाही. विद्यापीठात २०१० मध्ये युनूस यांच्या नावाचे सामाजिक व्यवसाय आणि आरोग्य यांचे अध्यासन-केंद्र सुरू झाले. तिथल्या आरोग्य-अर्थशास्त्रज्ञांनी एक वेगळा प्रश्न धरला: कामाचा, कर्जाचा किंवा समाजात मिसळण्याचा एखादा सामाजिक उपक्रम, ज्याच्या नावात आरोग्य हा शब्दही नाही, तो आरोग्य सुधारतो का? २०१४ पासून ब्रिटनच्या संशोधन परिषदांच्या निधीतून स्कॉटलंडमधल्या अनेक विद्यापीठांनी मिळून यावर मोठा अभ्यास केला. कॅल्टनसारख्या वस्तीला हा प्रश्न नेमका लागू पडतो. तिथे दवाखाना मोफत आहे आणि तरीही माणसे लवकर मरतात. तिथे माणसाला सकाळी उठायला कारण लागते, चार ओळखीची माणसे लागतात.

याच काळात सूक्ष्मकर्जाबद्दलची, म्हणजे गरिबांना विनातारण दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जाबद्दलची, मोठी भाबडी आशाही ओसरली. २०१० च्या अखेरीस आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून संकट उभे राहिले. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को आणि आपले हैदराबाद अशा सहा ठिकाणच्या यादृच्छिक चाचण्यांचे (कर्ज मिळणारे आणि न मिळणारे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेल्या तुलनेचे) निष्कर्ष एकत्र आले: सूक्ष्मकर्जाने लोकांना निवडीची थोडी मोकळीक मिळते, पण सरासरी उत्पन्नात मोठी झेप दिसत नाही. या पार्श्वभूमीवर ढाक्याचे कॉलेज मला अधिक महत्त्वाचे वाटते. इथे कर्ज किरकोळ धंद्यात गेले नाही. ज्याला कायम मागणी आहे अशा कौशल्यात आणि नोंदणीच्या परवान्यात गेले. शिवणयंत्रासाठी घेतलेल्या कर्जाची गावात दहावी शिवणारी उभी राहिली की किंमत घसरते, दहाव्या नर्सची मात्र घसरत नाही.

वेगळे काय करता आले असते

तीन गोष्टी मला वेगळ्या कराव्याशा वाटतात.

निवडीचा निकष थोडा सैल हवा होता. प्रत्येक तुकडीत काही जागा कर्जगटाबाहेरच्या, सर्वांत तळातल्या घरांसाठी राखता आल्या असत्या. त्यांची शिफारस गावातल्या प्राथमिक शाळेने किंवा आरोग्यसेविकेने करावी. जोखीम वाढली असती, हे मान्य. पण दारिद्र्य कमी करायचे म्हणून निघालेल्या संस्थेने ती जोखीम घ्यायची नाही तर कोणी घ्यायची?

दुसरी गोष्ट गावाकडे परतण्याची. आरोग्यातली विषमता कमी झाली की नाही, हे किती मुली उत्तीर्ण झाल्या यावरून कळत नाही. पाच वर्षांनी त्या कुठे काम करताहेत यावरून कळते. ही नोंद पहिल्या तुकडीपासून, प्रवेशाच्या अर्जाइतक्याच काटेकोरपणे ठेवायला हवी. तिसऱ्या वर्षातले चार-सहा महिने सक्तीने खेड्यातल्या दवाखान्यात, चांगल्या राहण्याच्या सोयीसह घालवले तर मुलीला तिथले काम ओळखीचे होते. आज ब्रिटनने बांगलादेशाचे नाव जिथून सक्रिय भरती करायची नाही अशा देशांच्या यादीत ठेवले आहे, पण खासगी दलाल आणि आखाती देश यांना ती यादी बांधत नाही. ढाक्यातून परदेशी जाणे खेड्यात परतण्यापेक्षा सोपे राहिले, तर मुलीला दोष देता येणार नाही.

तिसरी सर्वांत मोठी. नर्स ही सार्वजनिक गरज आहे. तिच्या कामाचा लाभ वॉर्डातल्या प्रत्येकाला होतो, रुग्णालयाला होतो, देशाच्या मातामृत्यूच्या आकड्याला होतो. पण या रचनेत तिला घडवण्याचा खर्च शेवटी तिच्याच पहिल्या पगारातून वसूल होतो. नर्सचा सुरुवातीचा पगार कमी, त्यातून घरी पैसे पाठवायचे आणि वर हप्ता. व्याज पाचच टक्के असले तरी मुद्दल तीन वर्षांचे आहे. सामाजिक व्यवसायाने आपल्या पायावर उभे राहावे हा आग्रह योग्य आहे, पण ते पाय गरीब मुलीचे असू नयेत.

याला वाट आहे. कर्जाचा एक हिस्सा तिला नोकरी देणाऱ्या रुग्णालयाने फेडावा, कारण तयार नर्स त्याला मिळते. एक हिस्सा सरकारने, ती ठरावीक वर्षे ग्रामीण भागात राहिली तर माफ करावा. उरलेला तिचा, आणि तिचा हप्ता पगाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा. बाळंतपणाच्या रजेत तो थांबावा. अशी तिहेरी विभागणी केली तर गावाकडे जाणे हा त्याग राहत नाही, फायद्याचा सौदा होतो.

आपल्याकडे यातले सगळे तुकडे आधीच आहेत. बचत गटांचे राज्यभर जाळे असलेले महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करते आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नर्सिंगच्या पदव्या देते आहे. गडचिरोली, नंदुरबारच्या उपकेंद्रांना गोंडी, माडिया, भिल्ली बोलणाऱ्या नर्स हव्या आहेत, आणि त्या भाषा बोलणाऱ्या मुली त्याच जिल्ह्यांत, गटांच्या हिशेबाच्या वह्या लिहीत बसलेल्या आहेत. एखाद्या जिल्ह्याने वीस मुलींपासून सुरुवात करायची ठरवली, तर पहिला कागद इमारतीचा किंवा अभ्यासक्रमाचा नसावा. तो त्या वीसजणींना तीन वर्षांनी कोणते रुग्णालय, किती पगारावर घेणार आणि त्यांच्या कर्जाचा कितवा हिस्सा उचलणार, याच्या सहीशिक्क्याचा असावा. प्रवेशाची जाहिरात त्यानंतर काढावी.